धरमपेठेतलं पाटी नसलेलं भोजनालय: बालवाडीच्या बायांच्या नजरेतून

पहिल्यांदा हे सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझ्या नावानं बोटं मोडायला नको. घाईत असाल, एसी पाहिजे असेल, किंवा फोटो काढायला सजवलेली भिंत पाहिजे असेल तर इथे जाऊ नका. जेवून झाल्यावरही दीड-दोन तास बसून बोलायचं असेल आणि कोणी येऊन "अजून काही?" असं विचारू नये असं वाटत असेल, तर मात्र जरूर जा. मी या जागेला पाचपैकी चार देते. कापलेला एक कशाचा ते पुढे येईलच.

जागा नागपूरच्या धरमपेठेत आहे, ट्रॅफिक पार्कच्या मागच्या बाजूच्या गल्ल्यांत. जुन्या घराच्या समोरच्या दोन खोल्या आणि व्हरांडा, एवढंच भोजनालय. पाटी नाही. फाटकाला शाळेतल्यासारखा काळा फळा टांगलेला असतो आणि त्यावर त्या दिवशी काय शिजलंय ते खडूनं लिहिलेलं असतं. "तुमच्याबद्दल लिहू का?" असं मालकीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "लिहा ना ताई, पण नाव नका टाकू बाप्पा. चाळीसच्या वर पानं झेपत नाही मले." म्हणून नाव टाकत नाही. फळा दिसला की पोचलात समजा.

आता आम्ही कोण, हे सांगायला पाहिजे, कारण हॉटेलाची परीक्षा घेणारा कोण आहे त्यावर मार्क ठरतात. आम्ही सहाजणी. मी महाल भागातल्या एका बालक मंदिरात तीस-एक वर्षं होते. दोघी अंगणवाडी सेविका, एक पाचपावलीची आणि एक नंदनवनची. एक मदतनीस, तिला आम्ही सगळ्याच मावशी म्हणतो. एक पर्यवेक्षिका, म्हणजे आमच्या मॅडम. आणि एक सदरच्या इंग्रजी शाळेत केजीला शिकवणारी. सगळ्या आता रिटायर. मावशी ऐंशीला टेकली आहे आणि नंदनवनवाली साठीची, आमच्यातलं शेंडेफळ. अंगणवाडीच्या प्रशिक्षणातल्या बाया निरीक्षणाला आमच्या बालक मंदिरात यायच्या, भिंतीला टेकून बसायच्या आणि वहीत काहीतरी लिहायच्या. पाचपावलीवाली तशीच आली होती. दुसऱ्या दिवशी वही घरी ठेवून आली आणि सरळ मातीच्या पाटाशी पोरांमध्ये बसली. तेव्हापासून ती आमची.

लोकांना वाटतं, बरोबर काम केलं म्हणून मैत्री झाली. आमचं उलटं आहे बघा. कामावर असताना आम्ही एकमेकींशी धड बोललोच नाही. एकीनं म्हणावं, "अगं काल ह्यांची बदली..." आणि तेवढ्यात कुणाची तरी चड्डी ओली. दुसरीनं सुरू करावं, "डॉक्टर म्हणाले की..." आणि कोपऱ्यात दोघांची डोकी आपटलेली. वीस-पंचवीस वर्षं अर्धवट वाक्यांवर काढली. एक गाणं म्हणत पोरांना धरून ठेवायची आणि दुसरी मागच्या मागे फरशी पुसून घ्यायची. कोणी काय करायचं ते डोळ्यांनी ठरायचं. त्यामुळे आता आम्हांला एकमेकींच्या सवयी सगळ्या माहीत आहेत, पण गोष्टी माहीत नाहीत. मॅडमचं लग्न मोडता मोडता राहिलं होतं हे आम्हांला गेल्या वर्षी कळलं, याच व्हरांड्यात, पाटोडी रस्सा खाताना. तेव्हा ती रोज आमच्याच केंद्रांवर फिरत होती! म्हणून आम्हांला बसू देणारी जागा पाहिजे. बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीतल्या, एका हॉटेलात आम्ही आधी जमायचो. तिथे दहीभात पानात असतानाच बिल आणून ठेवलं. मावशीनं ते बिल उलटं करून त्यावर पाण्याचा गिलास ठेवला, पण चव गेली ती गेली.

तर इथली तपासणी. बालवाडीची बाई कुठेही गेली की आधी हात धुवायची जागा बघते. इथे दोन बेसिनं आहेत, एक आपल्या उंचीचं आणि दुसरं माझ्या गुडघ्याच्या थोडं वर. खालच्या बेसिनाचा नळ दाबायचा आहे, फिरवायचा नाही, आणि नॅपकिनाची खुंटीही तेवढ्याच उंचीवर. मालकीणबाईंचा नातू चार वर्षांचा आहे, त्याच्यासाठी केलं म्हणे. मॅडमनं तिथेच जाहीर केलं, "पास." मग सदरवालीनं टेबलांचे कोपरे चाचपले. गोल आहेत. पाण्याचे जग टेबलाच्या मधोमध ठेवतात, कडेला नाही. गरम कढी घेऊन येणारी सूनबाई पोरांच्या डोक्यावरून भांडं नेत नाही, वळसा घालून येते. ही गोष्ट मोठमोठ्या हॉटेलांतल्या वेटरांना शिकवायला पाहिजे.

पोरांवरून आठवलं. एका रविवारी शेजारच्या टेबलावरच्या पोट्ट्यानं भात उडवायला सुरुवात केली. आईबाप खजील. बापानं खिशातून मोबाईल काढला, तेवढ्यात मालकीणबाई मटाराच्या शेंगांचं ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे एवढं सोलून दे बावा, मले टाइम नाही." पोट्टं शेंगा सोलत बसलं ते उठेचना. दाणे वाटीत, सालं ताटात, कुणी सांगितलंही नव्हतं. आम्ही सहाजणी जेवण सोडून तेच बघत होतो. पाचपावलीवाली हळूच म्हणाली, "ट्रेनिंग कुठं झालं असंल हिचं?" झालेलं नाही. मी विचारलं.

खाण्याचं. गुरुवारी वडाभात असतो आणि गुरुवारीच यावं असं माझं मत. चार डाळींचे वडे, मोठ (म्हणजे मटकी), तूर, मूग आणि हरभरा, जाडसर वाटलेले. मोकळ्या भातावर वडा कुस्करायचा आणि वरून हिंग-मोहरीची तेलातली फोडणी. इथे फोडणीची पळी टेबलावर आणतात आणि तुमच्यासमोर भातावर सोडतात, तो चर्र आवाज आला पाहिजे. हिंग सढळ आहे. वडा बाहेरून कडक आणि आत दाणेदार, पिठूळ झालेला मला एकदाही मिळाला नाही. कढी मात्र आमच्या तोंडाला गोड लागते. आम्ही बोललो तर मालकीणबाई म्हणाल्या, हल्ली पुण्याकडचे लोक पण येऊन राहिले ना. म्हणून त्यांनी आता चिंचेचं सार वेगळं ठेवलंय, मागावं लागतं. मागा.

पाटोडी रस्सा मंगळवारी आणि शनिवारी. बेसनाच्या वड्या सुबक पडतात, रश्श्यावर तर्री चांगली बोटभर. मसाला घरी भाजलेला आहे, खसखस आणि सुकं खोबरं दातांखाली कळतं. तिखट आहे, पण सावजीसारखं कान गरम करणारं नाही. मावशीला हा रस्सा सौम्य वाटतो आणि सदरवालीच्या डोळ्यांतून पाणी येतं, त्यावरून अंदाज घ्या. गोळाभात कधीमधी असतो, तो ठीक. भरली वांगी बरी, पण तेल जास्त. ज्वारीची भाकरी पहिल्या पंगतीला फुगलेली आणि गरम येते. दीडनंतर गेलात तर गार मिळण्याची तयारी ठेवा. तोंडी लावायला जवसाची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि भुरका. भुरका संपला की पुन्हा मागायला लाजू नका. उन्हाळ्यात आमरस असतो, त्यात दूध घालत नाहीत हे फार चांगलं.

हिवाळ्यातल्या सांबारवडीबद्दल दोन ओळी जास्त लिहिते, कारण ती खाल्ल्याशिवाय इथला हिशेब पूर्ण होत नाही. बाजारात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या स्वस्त झाल्या की फळ्यावर ती चढते. पारी पातळ, आत सांबार खच्चून, खसखस, खोबरं आणि चारोळी. तळल्यावरही आतला हिरवा रंग टिकलेला. अर्ध्यात मोडली तर सारण बाहेर सांडत नाही, म्हणजे पारीला आतून चिंच-गुळाचा हात नीट लावलेला. आमच्या मॅडमला साखरेमुळे डॉक्टरांनी बरंच काही बंद केलंय. मावशी तिला दोनच वड्या मोजून देते. एकेकाळी ह्याच मॅडम केंद्रावर येऊन मावशीसमोर पोरांच्या वजनाची नोंदवही उघडायच्या आणि पाव किलोचा फरक दिसला तरी भुवया वर करायच्या. आता मावशी विचारते, "मॅडम, तुमचं वजन किती भरलं या महिन्यात?" मॅडम गुपचूप ताट पुढे सरकवते. मावशी अजून तिला मॅडमच म्हणते आणि अहो-जाहो करते. आम्ही खूप सांगून पाहिलं. "असू द्या," म्हणते, "सवय झाली, आता नाव घेतलं तर तिलेच कसंतरी वाटन."

एवढ्या वयाच्या अंतराच्या बायांची गट्टी कशी, असं माझी सून विचारते. आमच्या बालक मंदिराच्या भिंतीवर बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे फोटो शेजारी-शेजारी होते. ताराबाईंचा जन्म १८९२ चा, अनुताईंचा १९१० चा. अठरा वर्षांचं अंतर. १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला त्यांचं बालवाडीचं काम सुरू झालं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा पाड्यातल्या अंगणात नेली, गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणात नेली. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, त्यानंतरही अनुताई १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतः जाईपर्यंत, तेच काम करत राहिल्या. त्या दोघींना कुणी विचारलं नसेल तुमची गट्टी कशी म्हणून. आम्ही काही त्यांच्या पायाशीही नाही, पण एवढं कळतं की तीन ते सहा वर्षांच्या वीस-पंचवीस पोरांच्या खोलीत दोघींचं पटलं नाही तर तो दिवस पारच पडत नाही. तिथे कुणाचं वय विचारतं कोण!

ही जागा सापडली कशी, तेही सांगते. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. रात्रभर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांमध्ये शिरली. सदरवाली रिटायर झाल्यावर अंबाझरी लेआउटमध्ये लेकीकडे राहायला आली होती, तळमजल्यावर. दुपारी आम्ही खराटे, बादल्या आणि फिनाईल घेऊन गेलो. रस्ते बंद, तरी मावशी पाचपावलीहून पोचली, कशी ते तिनं अजून नीट सांगितलेलं नाही. घरात चिखल घोट्याच्या वर. आम्हांला काय, सांडलेलं पुसण्यातच जन्म गेलेला. कोणी काय करायचं ते पुन्हा डोळ्यांनी ठरलं. संध्याकाळी एक मुलगा सायकलवर स्टीलचे डबे लावून आला, पिठलं आणि भात, गल्लीत सगळ्यांना. कुठून म्हणून विचारलं, तर म्हणाला, ट्रॅफिक पार्कच्या मागच्या काकूंनी पाठवलं. त्यांच्याही अंगणात पाणी होतं, तरी चूल पेटवली होती. डबे परत द्यायला आम्ही गेलो आणि तिथेच बसलो.

त्या पुरात सदरवालीची एक दट्ट्यांची पेटी भिजली. लाकडाचा ठोकळा, त्यात कमी-जास्त जाडीचे दहा दट्टे, ज्याचं त्या भोकात बसवायचं. शाळा नव्या सामानाकडे वळली तेव्हा टाकून देणार होते, ती हिनं घरी आणली होती. पाण्यानं लाकूड फुगलं, एकही दट्ट्या आत जाईना. लेक म्हणाली फेका. मावशीनं पेटी पिशवीत घातली, घरी नेली, उन्हात वाळवली आणि पॉलिशपेपरनं एकेक दट्ट्या घासत बसली. आता ती पेटी या भोजनालयाच्या व्हरांड्यात, खालच्या कप्प्यात आहे. पंगतीची वाट बघणारी पोरं तिच्याशी खेळतात. सगळ्यात जाड दट्ट्या अजून थोडा अडकतो आणि पोरांना नेमका तोच आवडतो. बाकी कुठल्या हॉटेलात पोरांसाठी काय असतं? रंगीत घसरगुंडी आणि कर्कश गाणी. पोरं आधीच भुकेली आणि त्यात ते. इथे एक पेटी, चिंचोके भरलेली परडी आणि तान्ह्या पोळ्याचे दोन लाकडी बैल, चाकांचे. पुरे होतं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गल्लीतली पोरं आपापले बैल घेऊन इथे येतात, प्रत्येकाला पुरणपोळी मिळते. त्या दिवशी मोठ्यांसाठी जेवण नसतं, उगाच जाऊन परत येऊ नका.

जिथे बसू देतात तिथे भांडणंही होतात. सदरवालीचं म्हणणं, पालकांनाच तिसऱ्या वर्षी एबीसीडी पाहिजे, शाळा काय करणार. पाचपावलीवाली म्हणते, बोटात ताकद यायच्या आधी पेन्सिल दिली की पोरगं लिहिण्याचाच राग करतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला, तेव्हा तिनं जिंकल्यासारखा चेहरा केला होता. सदरवाली म्हणाली, कागदावर आहे, माझ्या शाळेच्या गेटपाशी उभी राहून बघ. आवाज चढला की सूनबाई येऊन पाणी ठेवून जाते, बोलत काही नाही. एवढी समज महत्त्वाची.

आणि डिसेंबर २०२३. अंगणवाडीच्या बायांचा राज्यभर संप ४ तारखेपासून, आणि इकडे हिवाळी अधिवेशन. नंदनवनवाली रिटायर झालेली, तरी यशवंत स्टेडियमला जाऊन बसायची. बरोबरच्या बायांना सोडवत नाही, म्हणाली. आम्ही इथून भाकरी आणि ठेचा बांधून न्यायचो. मालकीणबाईंनी भाकरीचे पैसे घेतले, ठेच्याचे घेतले नाहीत. मला हे आवडलं. सगळंच फुकट दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी जायला लाज वाटली असती. स्टेडियमच्या पायऱ्यांवर मॅडमही येऊन बसल्या, ज्यांनी नोकरीत असताना संपावरच्या बायांना नोटिशी दिल्या होत्या. पाचपावलीवालीलाही एकदा मिळाली होती. त्यावर दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. ठेचा मात्र एकाच कागदावरून खात होत्या.

आता कापलेला मार्क. संडास मागच्या अंगणात आहे, दोन पायऱ्या उतरून, आणि देशी. आमच्या गुडघ्यांना ते परवडत नाही. आम्ही सांगितल्यावर एका बाजूला दांडी बसवली, पण ती डाव्या हाताला. उजव्या हाताला हवी, आणि कमोड हवाच. दुसरं, मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला गेला की मोठा कूलर लावतात. हवा गार येते, वाळ्याचा वास छान, पण आवाज असा की शेजारचीचं ऐकू येत नाही. मावशीला तसंही कमी ऐकू येतं. आम्ही उन्हाळ्यात व्हरांड्यातलं टेबल घेतो आणि घाम गाळतो. तिसरं, खुर्च्या लोखंडी, ओढल्या की फरशीवर किरकिरतात. पायांना रबराच्या टोप्या लावायला फार खर्च येत नाही.

भाव ठीक. साधी थाळी १८० रुपये, वडाभाताच्या दिवशी २२०. भाकरी आणि भात हवा तेवढा, वडे चार. फोनवरून पैसे घेतात, पण मावशी नोटा मोजून देते आणि मालकीणबाईंना सुट्टे हवेच असतात, त्यामुळे दोघी खूश. पार्सलला डबा आपला आणायचा, प्लास्टिकचे ठेवत नाहीत. वेळ अकरा ते तीन, सोमवारी बंद. तीननंतरही बसलात तर कुणी उठवत नाही. सूनबाई शेजारी सांबार निवडत बसते आणि तुम्हीही दोन जुड्या निवडून दिल्या तर चहा मिळतो.

गाडी लावायला जागा नाही. मेट्रोनं शंकरनगर चौकाला उतरा आणि ऑटो करा. अधिवेशनाच्या दिवसांत बर्डीकडचे रस्ते मोर्चांसाठी अडवतात, तेव्हा तर मेट्रोच बरी. सहापेक्षा जास्त जण असाल तर आदल्या दिवशी येऊन सांगून जा, आणि व्हरांड्यातलं कोपऱ्याचं टेबल गुरुवारी मागू नका, ते आमचं आहे.